रंगवार लावलेली जुनेरं

आमच्या घरात त्याला चिंध्या म्हणतात. मी साठा म्हणते. फोनवर व्हिडिओ टाकणारी एक परदेशी बाई त्यालाच 'स्टॅश' म्हणते. त्या स्टॅशसाठी तिच्याकडे अख्खी खोली आहे, भिंतभर फळ्या आहेत आणि हसत बसायला भरपूर वेळ आहे. माझ्याकडे एक दिवाण आहे. त्याच्या अर्ध्या पोटात पाहुण्यांच्या गाद्या आहेत आणि उरलेल्या अर्ध्यात नवऱ्याची जुनी मासिकं, जी तो पुन्हा वाचणार आहे. कधी, ते विचारायचं नाही.

मी परसवाड्याकडच्या एका शाळेत शिकवायची. नोकरीभर बालाघाटहून बसने गेले आणि बसने आले. निवृत्त झाल्यावर बायकांना एक तर गुडघेदुखी मिळते, नाहीतर छंद. मला दोन्ही मिळाले. डॉक्टर म्हणाले, बसून करण्यासारखं काहीतरी शोधा, म्हणून मी गोधड्या शिवायचं ठरवलं. खरं तर शिवायचं नव्हे, गोधडीसाठी कापड जमवायचं ठरवलं. ही दोन अगदी वेगळी कामं आहेत हे त्या व्हिडिओतल्या बाईलाही ठाऊक नसावं, कारण तिनेही अजून एकही गोधडी पुरी केलेली मी पाहिली नाही.

ती सांगते, साठा कमी खर्चात उभा करा. खाली हिंदीत पाटी येते, त्यामुळे मला सगळं समजतं. मी बाजारातल्या टेलरपासून सुरुवात केली. तोवर तो बिचारा आपली कतरन, म्हणजे कापून उरलेले तुकडे, गोणीत भरून फेकून देत असे. मी मागायला गेले आणि त्याच दिवशी त्याला कळलं की आपण इतकी वर्षं केवढा मौल्यवान माल फेकत होतो. आता तो मला ती 'मॅडम के लिए अलग रखा है' म्हणून विकतो. त्यात टेरिकॉट असतं, चमकी असते, ब्लाउजच्या काखेतले तिरपे तुकडे असतात, आणि त्या सगळ्यातून बाहुलीचा रुमालसुद्धा निघत नाही. तरी मी आणते, कारण स्वस्त पडतं. स्वस्त पडतं म्हणून माझा जेवढा पैसा गेला तेवढा महागाईत कधी गेला नाही.

मग ब्लाउजपीस. आमच्याकडे लग्न असो, घरभरणी असो की कुणाची सेवानिवृत्ती, आलेल्या बाईच्या हातात ब्लाउजपीस ठेवतात. तो शिवायचा नसतो हे देणारीला आणि घेणारीला दोघींनाही माहीत असतं. तो पुढच्या लग्नात तिसरीला द्यायचा असतो. मी स्वतः दिलेला एक जांभळा ब्लाउजपीस गोंदिया, तुमसर आणि लालबर्रा अशी फेरी मारून माझ्याच हातात परत आला होता, आणि त्याच्या कोपऱ्यावर माझ्या पेनाची खूण तशीच होती. मी त्याची भटकंती थांबवली आणि त्याला साठ्यात जमा केलं. तेव्हापासून नात्यातल्या बायका मला चिकट म्हणतात, कारण माझ्या घरात शिरलेला ब्लाउजपीस बाहेर पडत नाही.

नवऱ्याचे शर्ट हा तिसरा मार्ग. त्याच्या कपाटाला हात लावला की तो हिंदीत बोलायला लागतो. एरवी आम्ही मराठीत बोलतो, भांडण मात्र तो हिंदीत करतो, त्यात त्याला जास्त जोर येतो. 'अरे, ये तो अभी नया है,' असं तो ज्या शर्टाबद्दल म्हणाला त्याची कॉलर मी त्याच्यासमोर धरली आणि पलीकडची खिडकी दाखवली. शेवटी तह झाला. शर्ट माझा, बटणं त्याची. त्या बटणांचं तो काय करतो हे मी विचारलेलं नाही. एका घरात एकच साठेबाज पुरे.

एवढं सगळं जमवूनही चांगलं, मऊ, सुती जुनेर माझ्या हाती लागत नव्हतं. आणि गोधडी होते ती जुनेराचीच. बाई वर्षानुवर्षं नेसते, धुते, वाळवते, मग कुठे साडी अंगाला लागणार नाही इतकी मऊ होते. अशा साड्या गल्लीतून येणारी बर्तनवाली एका स्टीलच्या डब्यावर उचलून नेते. तिच्याशी स्पर्धा करायला माझ्याकडे डबे नव्हते. पण मग लक्षात आलं की हा खजिना आपल्याच घरात, सासूच्या खाटेखालच्या पेटीत पडला आहे.

सासूला आम्ही मामी म्हणतो. मामींनी त्या पेटीत घरच्या सगळ्यांची जुनेरं गाठोडी बांधून ठेवली होती, आणि गाठोडी रंगाची नव्हती, माणसांची होती. एक माझं, एक थोरल्या जावेचं, एक सासऱ्यांच्या धोतरांचं, एक त्यांच्या स्वतःच्या लुगड्यांचं. ज्याचं गाठोडं, त्याच्याच कपड्याच्या पट्टीने बांधलेलं. गोधडी शिवायची वेळ आली की मामी कुणासाठी शिवायची ते आधी पाहत आणि मग कोणतं गाठोडं सोडायचं ते ठरवत. पहिलटकरणीच्या लेकराची गोधडी असेल तर त्यात ज्या बाईचा नवरा धडधाकट आणि पोरंबाळं सुखरूप, तिचंच जुनेर. दुसरीचं चालत नसे.

आता हे सांगायला हवं की मामी दर पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जातात. अंधश्रद्धेच्या विरोधात त्या इतकं छान बोलतात की विहारात त्यांना मुद्दाम बोलायला उभं करतात. शेजारच्या दारावरचं लिंबू-मिरची पाहून त्या दिवसभर हसतात. पण गोधडीचा हा नियम अंधश्रद्धेत येत नाही. ती पद्धत आहे. दोन्हींत फरक काय, असं मी लग्नानंतर लगेचच विचारलं होतं, तेव्हा मला अजून प्रश्न विचारायची हौस होती.

"थे लोकायचं असते," मामी म्हणाल्या, "हे आपलं हाय."

या पद्धतीत जिचं जुनेर बसत नव्हतं ती मामींची स्वतःची मुलगी होती. माझी नणंद, जिला मी ताई म्हणते. लामत्याला दिली होती. वर्षभरात नवरा गेला आणि त्या धक्क्यात पोटातलं मूलही राहिलं नाही. ती परत आली तेव्हा माझी मुलगी रांगत होती. मी पहाटे परसवाड्याची बस धरायची तेव्हा पोरगी झोपलेली असायची, आणि संध्याकाळी यायची तेव्हा ती ताईंच्या कडेवर असायची. तिला न्हाऊ घालणं, भरवणं, शाळेत पोचवणं, चार धपाटे घालून मग जवळ घेणं, सगळं ताईंनी केलं. मी पगार आणत होते आणि प्रगतीपुस्तकावर सही करत होते. आई कोण, असं कुणी विचारलं तर पोरगी माझ्याकडे बोट दाखवायची, पण रडू आलं की पळायची ताईंकडे.

त्या ताईंच्या साड्या जुन्या झाल्या की त्यांचं पोतेरं व्हायचं. पेटीत त्यांचंही गाठोडं होतं, पण अगदी तळाशी, फरशी पुसायला म्हणून ठेवलेलं. गंमत अशी की मामींना ते सांगावंही लागत नसे. ताई स्वतःच साडी फाडून, नीट घडी करून आणायच्या आणि म्हणायच्या, "वयनी, हे पुसाले घ्या." आणि मी घ्यायची. सुती असल्यामुळे पाणी छान टिपायचं.

तर मागच्या उन्हाळ्यात मामी महिनाभर तुमसरला भाच्याकडे गेल्या आणि मी त्यांच्या पेटीला हात घातला. व्हिडिओतली बाई म्हणाली होती की कापड रंगानुसार लावा, म्हणजे डोळ्यांना शांती मिळते. मला शांतीची फार गरज होती. मी सगळी गाठोडी एका दुपारी सोडली, सगळी जुनेरं एका ढिगात ओतली, धुतली, उन्हात टाकली, इस्त्री केली. ताईंनी ती गच्चीवर वाळत घालायला मदत केली. मग शर्टांच्या खोक्यांतले पुठ्ठे कापून त्यांवर एकेक कापड गुंडाळलं. मासिकं दिवाणातून काढून माळ्यावर टाकली. त्या जागी मिठाईचे रिकामे डबे ओळीने मांडले. लाल, केशरी, पिवळा, हिरवा, निळा. कडुनिंबाचा पाला घातला, डांबराच्या गोळ्या घातल्या. फोटो काढून नागपूरला दिलेल्या मुलीला पाठवला. तिने तिकडून टाळ्या वाजवणारे हात पाठवले. नवऱ्याने पाहिलं आणि विचारलं, "और मेरी किताबें?" एवढं मोठं काम करून दाखवलं की घरचे लोक नेमकं बारीकसारीक तेवढंच पाहतात.

मामी परत आल्या तेव्हा त्यांना मी काही सांगितलं नाही. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याला त्या हात लावू देत नाहीत. पेटी रिकामी झाल्याचं त्यांना दिवाळीपर्यंत कळलं नाही, आणि मीही कळू दिलं नाही.

दिवाळीत मुलीचा नागपूरहून फोन आला. दिवस गेलेत, हे आम्हाला आधीच माहीत होतं. आता बाळंतपणाला ती आमच्याकडे येणार, हे ठरलं. मुलीचं मराठी आमच्या घरात ऐकण्यापुरतं आहे, बोलते ती हिंदीतच. फोन स्पीकरवर होता, आम्ही सगळे भोवती बसलो होतो, आणि ती म्हणाली, "मम्मी, बेबी की पहली गोदड़ी में आत्या की साड़ी ज़रूर लगाना. पक्का?"

मामींनी पान खाण्यासाठी तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं. ताई उठल्या, आत गेल्या आणि मिक्सर सुरू केला. मिक्सरमध्ये काही नव्हतं. मी मुलीला म्हटलं, "हौ, पाहतो," आणि विषय तिच्या गोळ्यांकडे वळवला.

फोन ठेवल्यावर मामी म्हणाल्या, "पेटी आन."

मग जे झालं ते सविस्तर सांगण्यात अर्थ नाही. पेटी रिकामी निघाली. दिवाण उघडला. मामींनी डबे चाचपले, एकेका पुठ्ठ्यावरचं कापड डोळ्यांशी नेलं आणि खाली ठेवलं. मला वाटलं, आता तरी कौतुक होईल.

"काय करून ठेवलं हे?"

"रंगवार लावलं मामी. निळ्यात निळं, लालमध्ये लाल."

"मले रंग नाही पाह्यजे. कोनाचं काय हाय, थे कसं समजन आता?"

मी म्हटलं, समजायचं कशाला, सगळी घरचीच आहेत. हे वाक्य तोंडातून निघतानाच मला कळलं की काय घोळ झाला. निळ्या डब्यात माझं कोणतं, जावेचं कोणतं आणि ताईंचं कोणतं, हे मलाही सांगता येत नव्हतं. धुऊन, इस्त्री करून सगळी सारखी मऊ झाली होती. जगभरच्या बायका डोळ्यांना शांती मिळावी म्हणून रंगवार लावतात. आमच्या घरात मात्र त्या रंगवारीने विधवेची साडी आणि सवाष्णीची साडी एका डब्यात शेजारी शेजारी नेऊन ठेवली होती, आणि त्यामुळे कुणाचीच शांती उरली नाही.

मामींनी तोडगा काढला की या जुनेरांना हातच लावू नये, टेलरच्या कतरनीची गोधडी शिवावी. मी त्यांना एक तुकडा हातात दिला. चमकी त्यांच्या बोटाला टोचली. कोरे ब्लाउजपीस पाहिले, तर ते घोंगडीसारखे कडक. तान्ह्या लेकराला जुनेरच लागतं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. त्यांनी दोन्ही बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "तिले बोलव. तिचं तिले समजते. थे काढून घेईन."

मला राग आला. आजही लिहिताना येतो आहे. मी म्हटलं, "मामी, तिनंच तर पोरीला लहानाचं मोठं केलं. तेव्हा काही झालं नाही. आता कापडाच्या तुकड्यानं काय होणार आहे?"

"तवा पोर रांगत होती. हे पोटात हाय." मग आवाज खाली गेला. "माह्या पोरीचं लेकरू मी ह्या हातात घेतलं होतं. थंड. तू नोकरीले गेलती तवा. आता अजून एक पाह्याची हिंमत नाही राह्यली मले."

शिक्षिकेची नोकरी केलेल्या बाईला शेवटचा शब्द सोडणं फार अवघड जातं, पण मी उठून डब्यांची झाकणं लावू लागले.

ताईंना बोलावणं झालं ते महिन्याभराने. दुपारचं ऊन समोरच्या खोलीत येत होतं. मुलगी तोवर आमच्याकडे येऊन दाखल झाली होती, पण त्या दिवशी वडिलांबरोबर तपासणीसाठी दवाखान्यात गेली होती, आणि मामींनी तीच वेळ निवडली होती. ताईंनी पदर खोचला, डबे पुढ्यात ओढले आणि कामाला लागल्या. तांदूळ निवडावेत तशा त्या निवडत होत्या, आपलं बाजूला, दुसऱ्याचं परत डब्यात. एकदाही थांबून विचारलं नाही की हे कशासाठी. निळ्या डब्यातून दोन काढले. हिरव्यातून एक मोठा, काठासकट. "हे माहेरून लामत्याले जाताना नेसली होती," असं स्वतःशी म्हणाल्या आणि तोही बाजूला ठेवला. मामी खाटेवर बसून ऐकत होत्या. मी हातात सुई-दोरा घेऊन बसले होते, उगीच, कारण शिवायला काही नव्हतं.

मग पिवळा डबा आला. वरच एक तुकडा होता, हळदीसारखा पिवळा, त्यावर बारीक तपकिरी ठिपके. ती साडी मला आठवत होती. ताई ती नेसून माझ्या मुलीला शाळेत सोडायला जायच्या. पोरगी शाळेच्या दारात त्यांचा पदर सोडत नसे. ताईंनी तो तुकडा उचलला. अंगठा त्यावरून फिरवला. त्यांच्या बाजूचा ढीग बऱ्यापैकी मोठा झाला होता. त्यांनी तो तुकडा त्या ढिगाकडे नेला, अर्ध्यावर थांबल्या आणि परत डब्यात ठेवला.

"हे वयनीचं हाय," त्या म्हणाल्या.

मी जन्मात पिवळं नेसलेले नाही. पिवळ्या साडीत मी काविळीतून उठल्यासारखी दिसते. लग्नात पिवळी आली होती, तीही जावेला देऊन टाकली. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, भिंतीला माहीत आहे. ताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या पुढचा तुकडा उचलत होत्या.

"कोनाचं?" मामींनी विचारलं. "आन इकडं."

मी तो तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो चांगल्या डोळ्याशी नेला, उलटा केला, सुलटा केला.

"माझंच आहे मामी," मी म्हटलं. "नोकरी लागली तेव्हा घेतली होती. पगाराची पहिली साडी. मला फार आवडायची. नेसून नेसून विटली." एक खोटं बोलायचं असताना मी लागोपाठ पाच बोलले. मुलांच्या खोट्या सबबी ओळखण्यात माझा हात कुणी धरत नसे, पण स्वतः खोटं बोलायची मला सवय नव्हती.

मामींनी तुकडा मांडीवर ठेवला, त्याच्या सुरकुत्या हाताने काढल्या आणि मला परत दिला.

"मंग मंधात लाव," त्या म्हणाल्या. "काठाले लवकर झिजते."

गोधडी आम्ही गच्चीवर शिवली. थंडीचं ऊन अंगावर घेत ताई आणि मी समोरासमोर बसायचो, आणि मधे कापड अंथरलेलं असायचं. सासऱ्यांच्या धोतराचं अस्तर, आत माझ्या दोन साड्यांचे थर, वर सगळे रंग, आणि मधोमध तो पिवळा चौकोन. त्यावरचे टाके ताईंनी मला घालू दिले नाहीत. त्यांचे टाके एवढे बारीक की कापडाच्या आतून आल्यासारखे वाटावेत. माझे मोठाले, वाकडे. आम्ही भाजीचं बोलायचो, मुलीच्या पायांच्या सुजेचं बोलायचो, गॅस संपत आल्याचं बोलायचो. त्या पिवळ्या तुकड्याबद्दल एक अक्षर नाही. एवढ्या वर्षांनी त्या बाईचं काहीतरी या घरातल्या बाळाच्या अंगाला लागणार होतं, आणि तेही माझ्या नावाने. त्यांनी कापड आत आणलं आणि त्याच्यावरचं आपलं नाव बाहेर सोडलं. मला त्याचं फार वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की मी चिडते, म्हणून मी टेलरला, नवऱ्याला आणि बर्तनवालीला शिव्या घालत शिवत होते. ताई ऐकून घेत होत्या.

नात झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आल्या. आणि मग बायका बघायला येऊ लागल्या. आमच्या वॉर्डातल्या बायका बाळ बघायला आल्या की आधी बाळ बघतात, मग बाळाचा रंग, मग नाक कुणावर गेलं आहे ते, आणि मग बाळाखाली काय अंथरलं आहे ते. त्या दिवशी समोरच्या घरातल्या काकू आल्या होत्या, त्यांच्या दोन सुना घेऊन. विहारात मामींच्या शेजारी बसणाऱ्या त्या काकू. बाळ पाहून झालं, नाकाचा निकाल लागला, आणि काकूंनी गोधडीवर हात फिरवला.

"किती मऊ हाय वो. घरीच शिवली?" मग पिवळ्या चौकोनावर बोट ठेवलं. "आनि हे मंधातलं कोनाचं?"

हा प्रश्न कापडाबद्दल नव्हता, हे खोलीतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. काकूंना आमची पद्धत माहीत होती, त्यांचीही तीच होती. ताई नेहमीसारख्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, ट्रे हातात घेऊन. बाळ बघायला आलेल्या बायका असताना त्या पलंगाजवळ येत नसत. बाळ त्यांनी अजून एकदाही सगळ्यांसमोर मांडीवर घेतलं नव्हतं.

"वयनीचं हाय," ताई दारातूनच म्हणाल्या, जरा मोठ्याने. "तिच्या पहिल्या पगाराचं."

माझी मुलगी पलंगावर अंग टाकून पडली होती. ती कोपरावर उठून बसली.

"आत्या, झूठ मत बोलो," ती म्हणाली. "मैं इसी साड़ी में नाक पोंछती थी. रोज़, स्कूल के गेट पे. मुझे याद नहीं होगा क्या?"

काकूंच्या एका सुनेने दुसरीकडे पाहिलं. काकूंनी बोट गोधडीवरून उचललं आणि मामींकडे पाहिलं. ताईंच्या चेहऱ्यावर इतकी भीती मी कधी पाहिली नव्हती, नवरा गेल्यावर त्या परत आल्या तेव्हाही नव्हती. त्यांना लाज वाटत नव्हती, त्या घाबरल्या होत्या. त्यांची नजर बाळावर खिळली होती, जणू आता लगेच त्याला काही होईल. मी तोंड उघडलं, काहीतरी सहावं खोटं बोलायला.

"हौ," मामी म्हणाल्या. "माह्या पोरीचं हाय. मीच मंधात लावाले सांगतलं."

काकू म्हणाल्या, "तुमी?"

"हौ, मी. काहून? माह्या पोरीनं ह्या पोरीले वाढवलं. तिचं नाही लावाचं त कोनाचं लावाचं?" मामींचा आवाज विहारात बोलतात तेव्हा असतो तसा झाला होता, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. पण हात खाटेची कड घट्ट धरून होते, आणि बोटं पांढरी पडली होती. त्या घाबरलेल्या होत्या, त्यांच्या मुलीइतक्याच. घाबरत घाबरतच त्या ते म्हणाल्या.

काकू म्हणाल्या, "बरोबर हाय," आणि घाईघाईने बाळाच्या केसांबद्दल काहीतरी बोलल्या.

ताई ट्रे घेऊन आत वळल्या. पाहुणे आले की चहा त्याच टाकतात, त्या परत आल्या त्या दिवसापासून.

"तू कुठी चालली?" मामी म्हणाल्या. "ठेव थे. इकडं बस. लेकरू घे."

ताई हलल्या नाहीत. मुलीने बाळ गोधडीसकट उचललं आणि हात पुढे केले. ताईंनी ट्रे जमिनीवर ठेवला, पलंगाच्या कडेला टेकल्या आणि बाळ घेतलं, पिवळी बाजू वर.

"चहा वयनी करन," मामी म्हणाल्या.

मी उठले. माझे गुडघे दुखत होते, चहापत्तीचा डबा ताई कुठे ठेवतात ते मला या घरात इतकी वर्षं राहून माहीत नव्हतं, आणि डोळ्यांसमोरचं नीट दिसत नव्हतं. मी चहा केला. कुणी नावं ठेवली नाहीत.